गवत कापायचं मशीन सुरू होत नाही? आधी ते बंद कसं पडलं ते आठवा

इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या गल्लीची एक लहानशी बाग आहे. सगळ्यांनी वर्गणी काढून तिच्यासाठी पेट्रोलवर चालणारं लॉन मोअर घेतलं, आणि ते आमच्या मागच्या पडवीत असतं, कारण त्याची देखभाल माझ्याकडे आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत मी २७ वर्षं सहायक होते. काही उघडायच्या आधी वहीत लिहायची सवय तिथली. या मशीनचीही एक वही आहे, आणि पुढचं सगळं त्या वहीतलंच आहे.

दोन वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी माळीदादांनी मशीन बाहेर काढलं. गणपतीच्या मांडवाखालचं गवत पिवळं पडलेलं, बाकीचं पावसाने पोटरीपर्यंत आलेलं. दहा मिनिटं मशीन नीट चाललं, मग ‘खट्’ असा आवाज झाला आणि बंद. “ताई, मशीन बैठ गई,” म्हणून ते मला बोलवायला आले. त्यानंतर दोरी ओढली की ती हाताला झटका देऊन उलटी आत जायची. मी दोन दिवस खपले. पेट्रोल बदललं, ठिणगी पाडणारा प्लग घासला, पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा कार्बोरेटर उघडून धुतला. तिसऱ्या दिवशी मशीन टेम्पोत घालून सियागंजाकडच्या एका वयस्क मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी मशीनला हात लावायच्या आधी एकच विचारलं, “बंद कैसे हुई थी?” मी आवाजाचं सांगितलं. ते म्हणाले, “पत्ती के नीचे लोहा आया होगा.” घरी येऊन गवतात शोधलं तर मांडवाची एक लोखंडी खुंटी जमिनीतच राहिली होती. तिच्या डोक्यावर ताजी, चकचकीत खाच होती.

तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी वहीत तारीख टाकते आणि लिहिते, ‘बंद कसं पडलं’. कारण पेट्रोल, हवा आणि ठिणगी ही तीन कारणं सगळ्यांना ठाऊक असतात. या तिघांतलं आधी कुठलं उघडायचं, ते मात्र मशीन शेवटचं कसं थांबलं यावरून कळतं.

हात घालण्याआधी

प्लगची रबरी टोपी उपसून बाजूला करा. पात्याखाली हात जाणार असेल, मशीन आडवं करायचं असेल, नुसतं चिकटलेलं गवत काढायचं असेल, तरीसुद्धा. बहुतेक मोअरमध्ये पातं थेट इंजिनाच्या शाफ्टवर बसवलेलं असतं. पातं हाताने फिरवलं की आत पिस्टन हलतो, आणि प्लगला टोपी असेल तर बंद वाटणारं इंजिन एक ठोका मारू शकतं. तो एक ठोका बोटांना पुरतो. माझ्याकडे ही एकच गोष्ट सक्तीची आहे, आणि माळीदादांच्या मुलाला मी सगळ्यात आधी तीच शिकवली.

दुसरं पेट्रोलचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरकत जाते. आमच्या पडवीच्या पायरीशी तुळशीवृंदावन आहे, म्हणून दिवेलागणीच्या वेळी मी टाकीचं झाकण उघडतच नाही. काम सकाळी, उघड्यावर, गरम इंजिन निवल्यावर.

मग पाच मिनिटांत साध्या गोष्टी बघून घ्या. टाकीत पेट्रोल आहे का, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) उघडा आहे का, थंड इंजिनाला चोक (हवा कमी करणारा खटका) दिला आहे का. आणि हँडलला लागून असलेली आडवी दांडी दाबून धरली आहे का. ही दांडी सोडली की इंजिनाचा ब्रेक लागतो आणि ठिणगी बंद होते. तिची तार सैल झाली असेल तर तुम्ही दांडी दाबता, पण इंजिनाजवळचा खटका पूर्ण सरकत नाही, आणि मग कितीही दोरी ओढली तरी उपयोग नसतो. एकाने दांडी दाबायची, दुसऱ्याने इंजिनाकडचं टोक हलतंय का ते बघायचं. आमच्या वहीत ही नोंद दोनदा आहे.

चांगलं चालत असताना ठेवलं, महिन्यांनी काढलं तर सुरू होईना

हा सगळ्यात नेहमीचा प्रकार. आमच्याकडे थंडीत गवत फारसं वाढत नाही, उन्हाळ्यात बाग जेमतेम तगते. त्यामुळे मशीन दिवाळीनंतर ठेवलं जातं आणि जूनच्या अखेरीस, पहिल्या पावसांनी माळव्याची काळी माती फुलली की बाहेर येतं. मध्ये सात महिने जातात. अशा वेळी शंका पेट्रोलवर घ्या, बाकी काही उघडू नका.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी थोडं असेल तोवर ते पेट्रोलमध्ये मिसळून राहतं. प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळा थर धरतात. टाकीतून पेट्रोल तळातून उचललं जातं, म्हणजे इंजिनाला आधी तेच मिळतं. शिवाय महिनोन् महिने राहिलेल्या पेट्रोलचा हलका, लवकर पेट घेणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखं काही उरतं, ते कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतं. अनेक लहान इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्याला बहुतेक पंपांवर निवड नाही, म्हणून उपाय एकच: पेट्रोल लागेल तेवढंच आणायचं आणि मशीनमध्ये मुक्कामाला ठेवायचं नाही.

तपासणी सोपी आहे. कार्बोरेटरच्या खाली एक गोल वाटी असते, मिस्त्री तिला कटोरी म्हणतात. तिच्या तळाला पेट्रोल सोडायचा स्क्रू असतो. कॉक उघडा ठेवून अर्धा कप पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं उजेडात ठेवा. प्रयोगशाळेत दोन द्रवांचे थर मुलांना अशाच बाटलीत दाखवायचे. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करायची. वास पेट्रोलचा न येता जुन्या रंगाच्या डब्यासारखा येत असेल तरीही तेच. काढलेलं पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नका, कचऱ्याच्या गाडीतही देऊ नका. ओळखीच्या गॅरेजवाल्याला सांगून द्या.

ताजं पेट्रोल भरूनही इंजिन गप्प असेल तर एक कसोटी आहे. प्लग काढून त्याच्या भोकातून चहाच्या चमच्याने अर्धा चमचा ताजं पेट्रोल आत सोडा, सांडलेलं पुसून घ्या, प्लग आणि टोपी परत बसवून दोरी ओढा. दोन सेकंद चालून बंद पडलं, तर ठिणगी ठीक आहे, सिलिंडरमधला दाबही आहे. पेट्रोल पोचत नाही एवढंच. या एका कसोटीने माझे कितीतरी तास वाचले आहेत.

पेट्रोल पोचत नसेल तर कटोरी काढावी लागते. कॉक बंद करा, खालचा नट सोडवा (आमच्या मशीनला १० नंबरचा पाना लागतो), कटोरी हळूच उतरवा. तळाशी तपकिरी गाळ किंवा पांढरी भुकटी दिसेल. वर मध्यभागी पेट्रोल मोजून सोडणारा पितळेचा जेट असतो, त्याला केसाएवढं भोक. ते भोक उजेडाकडे धरून आरपार दिसलं पाहिजे. इथे सुई किंवा टाचणी घालू नका. पितळ मऊ असतं, पोलादाच्या सुईने भोक मोठं होतं आणि मग मशीन कायमचं जास्त पेट्रोल पितं, काळा धूर सोडतं. मी विजेच्या लवचीक वायरमधली तांब्याची एक तार वापरते, आणि कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे. स्प्रे मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण एका भोकात मारलेली धार दुसऱ्या भोकातून थेट तोंडावर येते. कटोरीच्या कडेचं रबरी रिंग ताणलं गेलं असेल तर बदला, नाहीतर रात्रभर थेंब थेंब गळत राहील.

चालता चालता हळूहळू दम तोडला

आवाज मंदावत, धडपडत बंद पडलं, थोड्या वेळाने परत सुरू झालं, परत पाच मिनिटांत गेलं. असं असेल तर आधी टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणाला बारीक छिद्र असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्यातून हवा आत जाते. छिद्र बुजलं की टाकीत निर्वात होतं आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. आमच्या पडवीत कुंभारीण माश्या मातीची घरटी करतात, आणि एका वर्षी त्यांनी नेमकं तेच छिद्र लिंपलं होतं. धुराच्या नळीच्या तोंडातही त्यांची माती सापडली आहे. उन्हाळा संपताना मशीन काढलं की मी या दोन जागा न चुकता बघते.

याच प्रकारात एअर फिल्टर येतो. मे महिन्यातली आमच्याकडची धूळ कशी असते ते सांगायला नको. कागदी फिल्टर हलक्या हाताने टेबलावर आपटून झटकायचा. तो धुवायचा नाही, त्याला तेलही लावायचं नाही; मळ निघत नसेल तर नवा घ्यायचा. स्पंजचा फिल्टर मात्र साबणाच्या कोमट पाण्यात धुवून, पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलचे काही थेंब टाकून, पिळून बसवायचा. फिल्टर काढल्यावर इंजिन लगेच पकडत असेल तर दोष कळला. पण फिल्टरशिवाय गवत कापायला नेऊ नका, धूळ सिलिंडर खरवडते.

इंजिन गरम झाल्यावरच बंद पडतं आणि तासाभराने काही झालंच नाही असं सुरू होतं, झाकण सैल करूनही फरक नाही, तर इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग) गरम होऊन दगा देत असण्याचा संभव मोठा. ठिणगी तेव्हाच, गरम असतानाच तपासा. निवल्यावर तपासलीत तर ती चांगलीच दिसेल.

खूप ओढलं, आता पेट्रोलचा वास सुटलाय

चोक देऊन वीसेक वेळा दोरी ओढली की सिलिंडरमध्ये पेट्रोल साचतं. स्कूटरच्या काळातली माणसं याला ‘ओव्हर झालं’ म्हणतात. प्लग काढा (बहुतेक ठिकाणी २१ नंबरचा प्लगपाना). ओला असेल तर पुसा, चोक बंद करा, प्लग बाहेर असतानाच आठ-दहा वेळा दोरी ओढा आणि पंधरा मिनिटं तसंच उघडं ठेवा. या वेळात प्लगची टोपी लांब वळवून ठेवा, भोकातून पेट्रोलचा फवारा येत असतो.

प्लग हातात आलाच आहे तर त्याच्याकडे नीट बघा. ओला म्हणजे पेट्रोल पोचतंय, पेटत नाही. पुष्कळ ओढूनही कोरडा म्हणजे पेट्रोल येतच नाही. काळा आणि भुकटीसारखा म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. फिल्टर किंवा चोक बघा. काळा आणि तेलकट म्हणजे ऑइल वर चढतंय. फिकट तपकिरी रंग चांगला. पॉलिश पेपरने घासण्यापेक्षा पितळी तारांच्या ब्रशने साफ करते, कारण कागदाचे कण चिनी मातीच्या खाचेत अडकतात. दोन टोकांतलं अंतर साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, ते मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, नसेल तर घ्या, स्वस्त असतं आणि दुसरं काहीही तितकं खात्रीचं नाही.

ठिणगी बघायची तर प्लग टोपीत बसवून त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. सांडलेलं पेट्रोल पुसलेलं हवं, टाकीचं झाकण बंद हवं. टोपी रबरी मुठीच्या पक्कडीने धरा. दांडी दाबून दोरी जोरात ओढा. सावलीत निळी, कडक ठिणगी दिसली पाहिजे. पिवळी, मरगळलेली दिसली तर आधी नवा प्लग लावून बघा. कॉइलचा खर्च त्यानंतर.

धुतलं, आडवं केलं किंवा वाकडं केलं

स्कूटर सुरू होत नसली की ती एका बाजूला वाकडी करायची, ही सवय आपल्या दोन पिढ्यांच्या हातात मुरलेली आहे. माझ्या बाबांना मी रोज सकाळी तसं करताना पाहिलं आहे. चार स्ट्रोकच्या मोअरला ती सवय घातक आहे. यात ऑइल वेगळं, खालच्या भागात असतं. चुकीच्या बाजूला कललं की ते एअर फिल्टरमध्ये, कार्बोरेटरमध्ये आणि सिलिंडरमध्ये शिरतं. सिलिंडर ऑइलने भरला तर दोरी दगडासारखी घट्ट होते. तेव्हा जोर लावू नका. प्लग काढा, भोकावर जुनं फडकं सैल टाका, दोरी हळूहळू ओढा; ऑइल बाहेर येईल. फिल्टर बदला, ऑइलची पातळी पट्टीवर दोन खुणांच्या मध्ये आहे ना ते बघा. त्यानंतर सुरू केल्यावर काही मिनिटं पांढरा धूर येतो, घाबरू नका.

मशीन कलवायचंच असेल तर एअर फिल्टर आणि कार्बोरेटर वरच्या बाजूला राहतील असं. आमच्या मशीनवर मी त्या बाजूला लाल ऑइलपेंटने बाण काढून ठेवला आहे.

दोरी घट्ट असण्याचं दुसरं, साधं कारण म्हणजे पात्याभोवती गच्च बसलेलं ओलं गवत आणि काळी माती. ती वाळली की सिमेंट होते. टोपी काढून, लाकडी पट्टीने खरवडा.

शेजारच्या कॉलनीतल्या एका काकांनी आमच्या मशीनमध्ये एकदा मदत म्हणून ऑइल मिसळलेलं पेट्रोल भरलं, कारण त्यांच्याकडच्या खांद्यावरच्या दोन स्ट्रोक मशीनला तेच लागतं. असं झालं तर टाकी रिकामी करून प्लग साफ करा, कायमचं नुकसान होत नाही. पण उलट चूक फार महागात पडते: दोन स्ट्रोकच्या मशीनला कोरडं, म्हणजे ऑइल न मिसळलेलं पेट्रोल घातलं तर इंजिन जाम होतं. दोन्ही कॅन वेगळ्या रंगांचे ठेवा.

‘खट्’ आवाज करून थांबलं

इथे पेट्रोल आणि प्लगमध्ये वेळ घालवू नका. माझे दोन दिवस त्यातच गेले.

इंजिनाच्या वर एक जड चाक असतं, फ्लायव्हील. त्यातल्या चुंबकामुळे ठिणगी पडते, आणि ती पिस्टन नेमक्या जागी असतानाच पडावी म्हणून चाक आणि शाफ्ट यांच्यामध्ये एक छोटी चावी बसवलेली असते. अनेक मशीनमध्ये ती मुद्दाम मऊ धातूची करतात. पातं दगडावर किंवा लोखंडावर आदळलं की चावी कातरली जाते, चाक थोडं सरकतं, ठिणगी भलत्या वेळी पडते. म्हणून ठिणगी दिसते, पेट्रोल पोचतं, तरी इंजिन पकडत नाही आणि दोरी उलटा झटका देते. मनगटाला लागू शकतं, परत परत ओढू नका.

वरचं झाकण आणि दोरीचा डबा काढून फ्लायव्हीलचा नट सोडवला की शाफ्टची खाच आणि चाकाची खाच वरून दिसते. दोन्ही समोरासमोर नसतील तर चावी गेली. चाक काढायला पुलर, म्हणजे ते ओढून काढायचं हत्यार लागतं. हातोडीने ठोकून काढू नका, चाकाला तडा जातो. चावी त्याच मशीनची घ्या, कापलेला खिळा किंवा पोलादाचा तुकडा बसवून घेऊ नका, कारण पुढच्या वेळी चावीऐवजी शाफ्ट वाकेल.

शाफ्ट आत्ताच वाकलाय का तेही बघायचं. प्लग काढून ठेवा, मशीन बरोबर बाजूला कलवा, जाड हातमोजे घालून पातं सावकाश एक फेरा फिरवा आणि मधल्या बोल्टकडे बघा. बोल्ट जागेवर गोल फिरला तर ठीक. डुलला तर शाफ्ट वाकलेला आहे. ते मशीन सुरू करायचं नाही, मिस्त्रीकडे न्यायचं. पातं वाकलं असेल तर सरळ करत बसू नका, नवं घ्या.

आता विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मांडवाच्या खुंट्या मोजून घेतो. किती ठोकल्या तो आकडा वहीत आधीच असतो.

या सगळ्यानंतरही मशीन गप्प असेल, दोरी अगदी हलकी, विनाअडथळा येत असेल, तर दाब राहिलेला नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा पिस्टनची रिंग गेली असेल. ते घरी होणारं काम नाही.

सुरू झाल्यावर लगेच गवतात घालू नका. चोक हळूहळू काढा, दोन-तीन मिनिटं मोकळं चालू द्या, कटोरीखाली आणि ऑइलच्या झाकणाशी ओल दिसते का बघा. आणि मोसमातलं शेवटचं गवत कापून झालं की टाकीतलं पेट्रोल काढून घ्या, मग इंजिन सुरू करून कार्बोरेटरमधलं उरलेलं संपेपर्यंत चालू द्या. ते दोन-तीनदा अडखळून थांबतं. मी तेव्हा वही उघडून तारीख टाकते आणि पुढे लिहिते: ‘टाकी रिकामी. पेट्रोल संपून, आपोआप बंद.’